दगडाचे गाव : देवास गेटापासून कायथ्यापर्यंत

सार्कोफॅगस हा शब्द आज कोरीव दगडी शवपेटीसाठी रूढ असला, तरी ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘मांस खाणारा’ असा होतो आणि मुळात तो पेटीचे नव्हे, तर एका गावच्या दगडाचे नाव होता. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकाच्या वेळी मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी याने असे नोंदवून ठेवले आहे की, आजच्या तुर्कस्तानच्या वायव्य किनाऱ्यावर असलेल्या अस्सोस येथील दगडात प्रेत ठेवले, तर दात तेवढे सोडून बाकीचे शरीर चाळीस दिवसांत नाहीसे होते. ही समजूत कितपत खरी होती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्या दगडाचे नाव पुढे पेटीला चिकटले, आणि मग पेटी कोणत्याही खाणीच्या संगमरवराची असो, तिला सार्कोफॅगसच म्हणू लागले. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या काळ्या फरशीला ‘कडप्पा’ आणि अंगणातल्या फरशीला ‘शहाबादी’ म्हणणाऱ्या मराठी घरांना ही रीत अपरिचित नाही. गाव विसरले जाते, नाव मात्र दगडाबरोबर घरात येते.

नावात गाव असले, तरी ते दगडाचे जन्मगाव असतेच असे नाही, आणि हा भेद समजून घेण्यासाठी उज्जैनचे देवास गेट हे ठिकाण सोयीचे आहे. रेल्वे स्थानकाजवळचा हा चौक आणि त्याला लागून असलेला बसतळ उज्जैनला येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना पहिल्यांदा भेटतो. पहाटेपासून पोहे-जिलबीच्या गाड्या, महाकालाच्या दर्शनासाठी प्रवासी गोळा करणारे रिक्षावाले आणि इंदूर, देवास अशी नावे पुकारणारे कंडक्टर येथे दिसतात. देवास गेट हे नाव ज्या गावाकडे वाट जाते त्या गावावरून पडलेले आहे, जसा पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दिल्लीत घडवलेला नाही, तर त्याचे तोंड तेवढे दिल्लीच्या दिशेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राच्या बंदरांमधून भारताकडे येणाऱ्या ग्रीक भाषक व्यापाऱ्यांनीही एका दगडाला उज्जैनचे नाव जोडले होते, आणि ते नाव उगमाचे होते की केवळ वाटेचे, हा या प्रवासातला मुख्य प्रश्न आहे.

‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ओळखली जाणारी, इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेली ग्रीक व्यापारी मार्गदर्शिका अज्ञात लेखकाची आहे. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या परिच्छेदात बारिगाझा म्हणजे भडोच या बंदराच्या पूर्वेस, आत ओझीनी नावाचे नगर असून पूर्वी तेथे राजधानी होती, असे सांगितले आहे. ओझीनी म्हणजे उज्जयिनी. तिथून भडोचला उतरणाऱ्या मालात मलमल, जाडेभरडे कापड आणि दोन प्रकारचे दगड यांची नोंद आहे. त्यांतला एक ओनिक्स, म्हणजे रंगांच्या सरळ पट्ट्या असलेला अकीक, आणि दुसरा मुऱ्हाइन. उलट दिशेने भडोचला इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची रोमन नाणी येत. पुढच्याच पानांत महाराष्ट्राचीही हजेरी लागते. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठाना म्हणजे पैठण, आणि तिथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहूनही ओनिक्सचा मोठा माल गाड्यांवर लादून, खडतर वाटांनी भडोचला जात असे. म्हणजे एकाच बंदरात एकाच जातीचा दगड दोन दूरच्या नगरांकडून येत होता, आणि दोन्ही नगरे त्याचे उगमस्थान असल्यासारखी लिहिली गेली होती.

देवास गेटापासून माळीपुरा आणि दौलतगंज या गजबजलेल्या वस्त्यांमधून उत्तरेकडे जाणारा रस्ता गोपाळ मंदिराच्या चौकापाशी येतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपली राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत उज्जैन शिंदेशाहीचे मुख्य ठाणे होते, आणि दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधवलेले हे मंदिर मराठी अमलाची आजही ठळक दिसणारी खूण आहे. त्याच्या अलीकडे-पलीकडे रुद्राक्ष, स्फटिक आणि रंगीत मण्यांच्या माळांच्या दुकानांमध्ये ‘हकीक’ मागितला, तर लाल, काळे, हिरवे असे मणी पुढे येतात. हकीक किंवा अकीक हा शब्द अरबीतून आला आहे, तर इंग्रजी ‘अगेट’ हा शब्द सिसिलीतील अखातीस नावाच्या नदीवरून आला, असे ग्रीक ग्रंथकार थिओफ्रास्टस सांगतो. भारताचा एकेकाळचा प्रमुख निर्यात-दगड अशा रीतीने इंग्रजीत एका भूमध्य सागरी नदीच्या नावाने ओळखला जातो. दुकानातला मणी आज बहुधा रंग देऊन गडद केलेला असतो, हे विकणारा स्वतःहून सांगत नाही.

गोपाळ मंदिरापासून आणखी उत्तरेस, क्षिप्रेच्या काठाने गेले की घरे विरळ होतात आणि गढकालिकेच्या परिसरात जुन्या उज्जयिनीचे पांढरीचे टेकाड दिसू लागते. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची राख, विटा आणि माती साचून झालेली फिकट रंगाची जमीन. माळव्याच्या काळ्या कापूस-मातीत ती दुरूनही वेगळी कळते. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी १९३८-३९ मध्ये उज्जैनजवळच्या वैश्य टेकडी आणि कुम्हार टेकडी या ठिकाणी उत्खनन केले; पहिल्या ठिकाणी स्तूप, तर दुसऱ्या ठिकाणी मृतांना पुरण्याची आणि जाळण्याची जुनी जागा मिळाली. पुढे १९५५ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने एन. आर. बॅनर्जी यांनी गढकालिकेवर मोठे खोदकाम केले, तेव्हा नगराभोवतीचा मातीचा तट पायथ्याशी सुमारे ७५ मीटर रुंद असल्याचे दिसले. तटाच्या एवढ्या रुंदीतून नगराची ऐपत कळते, आणि थरांमधून निघालेल्या पूर्ण व अपूर्ण मण्यांवरून त्या ऐपतीचा एक भाग दगडातून येत होता हेही लक्षात येते. अपूर्ण मणी पुरातत्त्वज्ञाला पूर्ण मण्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण पूर्ण मणी कुठूनही आलेला असू शकतो, तर अर्धवट छिनलेला मणी बहुधा तिथेच बसून कोणीतरी घडवत असतो.

हेच तत्त्व रोमन शवपेट्यांना लावून पाश्चात्त्य संशोधकांनी गेल्या अर्धशतकात मोठे काम केले. इ. स. दुसऱ्या शतकात रोममध्ये दहनाऐवजी दफनाची प्रथा वाढली आणि श्रीमंत घराण्यांकडून कोरीव संगमरवरी पेट्यांची मागणी सुरू झाली. ती भागवण्यासाठी मार्मारा समुद्रातील प्रोकोनेसस बेट, ॲथेन्सजवळचा पेंटेलिकॉन डोंगर, आशिया मायनरमधील डोकिमिऑन, एजियन समुद्रातील थासोस बेट आणि इटलीतील कॅरारा येथील खाणी कामाला लागल्या. पेट्या खाणीवरच ढोबळ घडवून, आतून पोकळ करून, नंतर गलबतांवर चढवल्या जात, कारण भरीव दगड वाहून नेणे म्हणजे फेकून द्यायच्या भुग्याचेही भाडे भरणे. इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर सान पिएत्रो इन बेव्हान्या या ठिकाणी तिसऱ्या शतकातील एका बुडालेल्या गलबताचा माल समुद्रतळावर अजून पडून आहे. त्यात अशा २३ अर्धवट पेट्या असून त्यांचा दगड थासोसचा आहे. पेट्यांच्या पृष्ठभागावर पुढे कोरायच्या आकृत्यांसाठी जाड थर सोडलेला दिसतो, आणि ज्या घरातली माणसे त्यांत निजणार होती त्या घरापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

पांढऱ्या संगमरवराची एक खाण दुसरीपासून नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड असते. प्रोकोनेससच्या दगडात करड्या पट्ट्या आणि जाड स्फटिक असतात, तो फोडला की गंधकासारखा वास येतो. कॅराराचा दगड बारीक कणांचा असतो. पेंटेलिक दगडात अभ्रकाच्या रेषा सापडतात. परंतु पक्का निकाल रसायनशास्त्राकडून मिळतो. संगमरवर हा मुळात चुनखडीचा असून त्यातील कार्बन आणि ऑक्सिजन या मूलद्रव्यांचे जड व हलके असे प्रकार असतात, ज्यांना समस्थानिके म्हणतात. या प्रकारांचे प्रमाण प्रत्येक खाणीत थोडे वेगळे असते. हार्मन क्रेग आणि व्हॅलेरी क्रेग यांनी १९७२ मध्ये ग्रीक संगमरवराच्या बाबतीत ही पद्धत वापरून दाखवली, तेव्हापासून पेटीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातून काही मिलिग्रॅम भुकटी खरवडून खाणीचा अंदाज बांधता येऊ लागला. दोन खाणींचे आकडे एकमेकांवर चढतात, तेव्हा स्फटिकाच्या कणांचा सर्वांत मोठा आकार मोजतात किंवा इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर दगड कोणत्या रंगाने चमकतो ते पाहतात. थासोस बेटावरील एका खाणीचा संगमरवर कॅल्साइटऐवजी डोलोमाइट या मॅग्नेशियमयुक्त खनिजाचा असल्यामुळे तो तर सहज हाती लागतो.

या पेट्यांपैकी काहींवर भारतही आहे, मात्र दगडात नव्हे, तर चित्रात. द्राक्षे आणि मद्य यांचा ग्रीक देव डायोनायसस भारत जिंकून परतला, अशी कथा रोमन लोकांना फार प्रिय होती, कारण मृत्यूवर मिळवलेल्या विजयाचे ते रूपक मानले जाई. रोमच्या उत्तरेस, व्हिया सालारिया या जुन्या रस्त्यालगतच्या एका घराण्याच्या थडग्यातून १८८५ मध्ये निघालेली आणि आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात असलेली, इ. स. १९० च्या सुमाराची एक पेटी याचे उत्तम उदाहरण आहे. डायोनायससच्या रथाला बिबटे जोडलेले आहेत आणि त्याच्या पुढे-मागे सिंह, हत्ती व चक्क एक जिराफ चालला आहे. भारतात जिराफ नसतो, हे कोरणाऱ्याला ठाऊक नव्हते किंवा त्याची त्याला फिकीर नव्हती. दूरदेशीचे जे जे काही होते ते त्याने एकाच मिरवणुकीत उभे केले. ज्या रोमन गृहस्थाच्या बोटातल्या अंगठीत भारताहून आलेला खरा दगड असू शकत होता, त्याच्या थडग्यावर भारत असा अंदाजाने कोरलेला होता.

संगमरवर आपले गाव सांगतो, तर अकीक ते लपवतो, आणि याचे कारण दोघांच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खन आणि माळव्यावर लाव्हाचे थरावर थर पसरले, ज्यांना दख्खन ट्रॅप म्हणतात. उज्जैन, सह्याद्री आणि पैठण हे सगळे याच एका काळ्या बेसॉल्ट खडकावर बसले आहेत. थिजणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या उरल्या, त्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका, म्हणजे गारगोटीचेच द्रव्य, कडेपासून आत थराथराने साचत गेली, आणि त्या त्या वेळच्या लोहाच्या प्रमाणानुसार पांढऱ्या, करड्या, तांबूस अशा पट्ट्या तयार झाल्या. पुढे बेसॉल्ट झिजून काळी माती झाली, पण अकीक झिजला नाही. म्हणून माळव्यात पहिल्या पावसानंतर नांगरलेल्या शेतात आणि ओढ्यांच्या पात्रांत तो खाण न खणता वर येतो. असा एखादा गोटा बाहेरून बटाट्यासारखा, खरखरीत आणि मळकट असतो. फोडला की आत काचेसारखी चकाकणारी, नखाच्या कडेसारख्या बारीक रेघांनी भरलेली बाजू दिसते, आणि मधोमध बऱ्याचदा बारीक स्फटिकांनी मढलेली रिकामी जागा राहिलेली असते, जिथपर्यंत सिलिका कधी पोचली नाही.

जवळजवळ शुद्ध सिलिकेचा हा दगड एवढ्या विशाल प्रदेशात एकाच प्रकारे जन्माला येतो, त्यामुळे एका गोट्याचे रसायन दुसऱ्या जिल्ह्यातील गोट्यापासून वेगळे काढणे कठीण असते; किंबहुना एकाच गोट्यातल्या दोन पट्ट्यांत जेवढा फरक असतो, तेवढा दोन ठिकाणांमध्ये नसू शकतो. लेसरच्या झोताने मण्यावर केसाएवढा खड्डा पाडून त्यातील अल्प प्रमाणातील मूलद्रव्ये मोजण्याची पद्धत आता वापरात आहे आणि तिच्या साहाय्याने गुजरातच्या दगडाचे काही गट वेगळे काढता आले आहेत, पण संगमरवरासारखा एका डोंगराकडे बोट दाखवणारा निकाल अकीकाच्या वाट्याला सहसा येत नाही. म्हणूनच पेरिप्लसमधील ‘ओझीनीहून’ हा शब्द जपून वाचावा लागतो. भडोचपासून जवळच, आजच्या झगडिया तालुक्यातील रतनपूर येथे उत्तम कार्नेलियन, म्हणजे लाल अकीक, मिळतो, आणि खंबायतचे कारागीर त्या खाणींचा दगड शतकानुशतके वापरत आले आहेत. पिवळसर गोटे महिनोन्‌महिने उन्हात सुकवून, मग मडक्यांत घालून शेणाच्या मंद आचेवर भाजले की त्यातील लोहाचे संयुग बदलते आणि दगड लाल होतो. दारातच असा दगड असताना भडोचच्या व्यापाऱ्याला उज्जैन आणि पैठण यांची नावे घ्यावी लागली, याचा अर्थ त्याला हवा होता तो साधा लाल अकीक नव्हे, तर सरळ पट्ट्यांचा मोठा ओनिक्स, आणि तो माळवा व दख्खनच्या अनेक ओढ्यांतून, शेतांतून वेचून बाजारात गोळा होत असे. उज्जैन ही त्याची खाण नव्हती, मंडी होती. पैठण ते माहिष्मती, उज्जयिनी आणि विदिशा अशी वाट बौद्ध ग्रंथ सुत्तनिपातात आली आहे, आणि पश्चिमेकडे भडोचला उतरणारा रस्ता येथूनच फुटे. अशा नाक्यावरच्या बाजाराचे नाव मालाला लागणे स्वाभाविक होते. उज्जैनच्या प्राचीन नाण्यांवर अधिकाच्या चिन्हासारख्या फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले चिन्ह इतके वारंवार येते की त्याला उज्जैन चिन्ह असेच म्हणतात. त्या फुलीत चार वाटांचा चौक पाहण्याचा मोह होतो, पण तो कल्पनेचा भाग आहे, पुराव्याचा नाही.

मुऱ्हाइन या दुसऱ्या दगडाचे तर आणखी अवघड आहे. रोमन सेनापती पाँपेने इ. स. पूर्व ६१ मध्ये आपल्या विजयोत्सवात त्याची भांडी रोममध्ये पहिल्यांदा आणली, आणि नीरो बादशहाने एका पेल्यासाठी दहा लाख सेस्टर्स मोजले, असे प्लिनी सांगतो. तो त्याचा उगम इराणच्या बाजूला ठेवतो, तर पेरिप्लस उज्जैनच्या यादीत. आधुनिक संशोधकांपैकी अनेकांच्या मते तो अकीक नसून फ्लोराइट हे जांभळ्या-हिरव्या पट्ट्यांचे मऊ खनिज होते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील क्रॉफर्ड आणि बार्बर या नावांचे दोन रोमन पेले याच खनिजाचे आहेत. गुजरातमध्ये नर्मदेच्या उत्तरेस अंबाडुंगर येथे फ्लोराइटचा मोठा साठा आहे, आणि नकाशावर तो उज्जैन व भडोच यांच्या दरम्यान पडतो, एवढ्यावरून पुढची कथा रचणे मात्र योग्य होणार नाही.

दगडाचा उगम ओळखण्याची एक कसोटी प्लिनीकडेही होती, आणि ती आजच्या प्रयोगशाळेतल्या कसोट्यांपेक्षा साधी आहे. सार्डोनिक्स, म्हणजे तांबूस आणि पांढऱ्या थरांचा अकीक, रोमन लोक मोहरेसाठी पसंत करत, कारण तो मेणाला चिकटत नसे; थर छिलून पांढऱ्या आकृत्या तांबूस पार्श्वभूमीवर उभ्या करण्याची कलाही त्यावर बहरली, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील पाच थरांचा, ३१ सेंटिमीटर उंचीचा ‘ग्रेट कॅमिओ’ तिचा कळस आहे. प्लिनी लिहितो त्याचा आशय असा की, भारतातले सामान्य लोक हा दगड भोके पाडून फक्त गळ्यात घालतात, आणि भोक हीच आता दगड भारतीय असल्याची खूण झाली आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, टोकाला हिऱ्याचे कण बसवलेल्या सामत्याने पाडलेले ते छिद्र रोमन कारागीर अंगठीचा खडा करताना बुजवू शकत नसे. अकीकाचे रसायन आज जे सांगत नाही, ते त्या दगडावर काम केलेल्या माणसाचा हात सांगत होता.

हा हात उज्जैनपेक्षा किती जुना आहे हे पाहायचे, तर शहराच्या पूर्वेस मक्सीच्या मार्गावर सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कायथ्याला जावे लागते. लहान काली सिंध नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच ज्योतिषी वराहमिहिराचे कपित्थक हे स्थान, असे मानले जाते. गावाच्या टेकाडाखाली ताम्रपाषाण युगाची वस्ती आहे, हे १९६४ मध्ये उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर यांनी शोधून काढले. नीमचला १९१९ मध्ये जन्मलेल्या आणि भीमबेटकाच्या चित्रगुहांमुळे जगभर माहीत झालेल्या या मराठी संशोधकाने माळव्याची टेकाडे अक्षरशः पायी तुडवली होती. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांनी तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील एका घराच्या जमिनीत मडकी पुरलेली होती. कोणा कुटुंबाने ठेवलेली ती ठेव नंतर कोणी उकरून नेली नाही. त्यांत तांब्याच्या बांगड्या होत्या, आणि अकीक व कार्नेलियनच्या मण्यांच्या दोन माळा होत्या. दोरा केव्हाच कुजून गेला होता, मणी मडक्याच्या मातीत सैल पडले होते, आणि प्रत्येकाच्या आरपार भोक होते.